खाडीवरची सकाळ तिथीवर ठरते

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात होटगी रोडला राहणाऱ्या एक ताई दोन वर्षं हिप्परगा आणि कंबर तलावावर पक्षी बघतायत. जानेवारीतली गड्डा यात्रा संपली की आठवडाभर त्या ऐरोलीला बहिणीकडे चालल्यात आणि त्यातली एक सकाळ ठाणे खाडीसाठी मोकळी मिळणार आहे. त्या विचारतात, "आपल्याकडे जातो तसं उजाडायच्या आत पोचलं की झालं ना? फ्लेमिंगो कुठे दिसतील? आणि दुर्बिणीशिवाय काय काय न्यावं?"

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर टांगलेलं आहे. उजाडायच्या आत पोचायचं हा हिशोब हिप्परग्याला चालतो. खाडीवर तो चालेलच असं नाही. तिथे पहाटे साडेसहाला जाऊन बसलेला माणूस हात हलवत परत येतो आणि पोहे-चहा उरकून साडेनऊला आलेला डोळे भरून पक्षी बघून जातो, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय.

हात हलवत परतलेला पहिला माणूस मीच होतो. पुढे बँकेच्या बदलीमुळे सहा वर्षं ठाण्यात काढली, पण ही गोष्ट त्याच्याही आधीची. मुंबईत नात्यातलं लग्न होतं, मुहूर्त दुपारच्या आतला. म्हटलं, सकाळ तर आपली आहे. सिद्धेश्वर एक्सप्रेसने पहाटे दादरला उतरलो, बॅग खांद्यालाच ठेवून टॅक्सीने थेट शिवडीची जेटी गाठली. समोर नुसतं पाणी. जेटीच्या दगडांना टेकलेलं, गढूळ, संथ. दहा-बारा कुरव तरंगत होते आणि वर एक घार. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, सोडाच, पाय टेकायला कुठल्या पक्ष्याला जागाच नव्हती. दोन तास बसलो. शेजारी एक वयस्कर कोळीबाबा जाळं दुरुस्त करत होते. शेवटी न राहवून विचारलं, "पक्षी गेले कुठे?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आज दशमी. चिखल अकराला उघडेल." अकराला मी मांडवात हातात अक्षता घेऊन उभा होतो.

दशमीचा आणि चिखलाचा संबंध तेव्हा मला कळला नव्हता. तो असा. समुद्राला दिवसात साधारण दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर कोळ्यांचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करायची, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला, द्वादशीला नऊला. हाच आकडा सकाळी आणि हाच, पंधरा-वीस मिनिटं पुढेमागे, रात्री. पौर्णिमा किंवा अमावस्या झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पौर्णिमा-अमावस्येला गणिताने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या सुमाराला येते. म्हणजे अर्धा-पाऊण तासाची चूक धरूनच चालायचं. नेमकी वेळ आणि पाण्याची उंची हवी असेल तर मोबाइलवर मुंबईचं भरतीचं कोष्टक मिळतं, ते बघा. फक्त ते अपोलो बंदरचं, म्हणजे दक्षिण मुंबईतलं असतं. पाणी खाडीत आत ऐरोली-ठाण्याकडे चढत यायला थोडा वेळ लागतो, तो त्यात मिळवा.

गंमत बघा, मुंबई आपल्यापासून चारशे किलोमीटर, पण तिथी सांगणारं दाते पंचांग निघतं आपल्याच सोलापुरातून. देवघरात लटकवलेलं ते पंचांग पक्षी बघायला उपयोगी पडेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. आता खाडीची तारीख ठरवताना आधी तेच उघडतो.

आपल्याला हे सुचत नाही याचं कारण साधं आहे. आपला तलाव वर्षातून एकदा भरतो. हिप्परग्याचं पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात चढतं आणि मग महिन्यामहिन्याने काठ उघडा पडत जातो. त्या ओल्या काठावर शेकाटे येतात, टिलवे येतात, चक्रवाक येतात. काल जिथे चिखल होता तिथे आजही असतो, आणि म्हणून पक्ष्यांचं वेळापत्रक सूर्यावर चालतं: सकाळी चरायचं, उन्हं चढली की विसावायचं. खाडीत मात्र दिवसातून दोनदा तळं भरतं आणि दोनदा रिकामं होतं. उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी चार मीटरच्या वर खाली-वर होते, म्हणजे दीड मजला. चिखल उघडा असेल तेव्हा जेवायचं आणि झाकला गेला की झोपायचं, मग तो दिवस असो की रात्र. चांदण्या रात्री दोन वाजता तिथे कर्ल्यूचं, म्हणजे लांब वाकड्या चोचीच्या एका चिखलपक्ष्याचं, लांबवर ओरडणं ऐकलंय मी.

आता सकाळ कशी निवडायची. ओहोटी पूर्ण लागली की चिखलाचं मैदान एवढं मोठं होतं की पक्षी पार मधोमध, पाण्याच्या कडेला जातात आणि दुर्बिणीत ठिपके दिसतात. भरती पूर्ण झाली की चिखलच नाही. चांगला वेळ या दोन्हींच्या मधला. त्यातही चढत्या पाण्याचा. पाणी चढायला लागलं की ते पक्ष्यांना हळूहळू आपल्याकडे ढकलत आणतं. तुम्ही एका जागी गप्प उभ्या राहा, पक्षी स्वतःहून जवळ येत जातात. भरतीच्या साडेतीन तास आधीपासून ते तास-दीड तास आधीपर्यंतचा हा वेळ असतो. हा वेळ सकाळी सात ते दहात यायचा तर भरती साडेदहा-अकराच्या आसपास हवी. पाऊणपटीचं गणित उलटं लावा, द्वादशीपासून पौर्णिमा किंवा अमावस्येपर्यंतच्या तिथी मिळतात. प्रतिपदाही चालेल, थोडं उशिरा निघा. आठवड्यात यातली एखादी तिथी सापडली तर तीच सकाळ धरा, बहिणीचे बाकीचे बेत तिच्याभोवती बसवा.

नाहीच सापडली, समजा दशमी-एकादशीच पदरात पडली, तरी जायचं सोडू नका. फक्त जागा बदला. खाडीत पाणी भरलं की एवढे हजारो पक्षी हवेत विरून जात नाहीत. ते कांदळवनाच्या मागे असलेल्या उथळ तळ्यांवर येऊन उभे राहतात. नवी मुंबईत नेरुळ-सीवूड्स पट्ट्यात टी. एस. चाणक्य संस्थेमागची पाणथळ, एनआरआय संकुलाजवळचं तळं, डीपीएस तळं ही त्यांची भरतीच्या वेळची धर्मशाळा. ऐरोलीहून लोकलने नेरुळ आणि पुढे सीवूड्स-दारावे. भरतीच्या तास-दीड तास आधी तिथे उभं राहिलं की खाडीकडून थव्यांमागून थवे आत उतरताना दिसतात. मागे उंच इमारती, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे आणि समोर गुडघाभर पाण्यात गुलाबी पक्ष्यांची दाटी. पहिल्यांदा बघताना हे खोटंच वाटतं. या तळ्यांना भरतीचं पाणी आत येण्याची वाट मोकळी असेल तरच ती जगतात. वाट बुजली की पाणी नासतं किंवा तळं सुकतं. तिथले रहिवासी गेली काही वर्षं याच वाटांसाठी भांडतायत. कंबर तलावाचं जे काय होत आलंय ते तुम्ही जवळून बघताय, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि ही चूक मुंबईकरही करतात. ठाणे खाडी उत्तर-दक्षिण पसरलेली. पश्चिमेच्या काठावर शिवडी, विक्रोळी, भांडुप. पूर्वेच्या काठावर ऐरोली, वाशी, नेरुळ. सकाळी शिवडीच्या जेटीवर उभं राहिलं की सूर्य थेट डोळ्यांत. पक्षी दिसतात, पण काळ्या कागदातून कापल्यासारखे. रंग नाही, ओळख नाही. सकाळी पूर्वेच्या, म्हणजे नवी मुंबईच्या काठावरून पश्चिमेकडे बघा, सूर्य पाठीशी राहतो आणि रोहितांचा गुलाबी रंग खरा दिसतो. शिवडी दुपारी चारनंतर सुंदर. तुमचा मुक्काम ऐरोलीत आहे ही आयतीच सोय झाली.

ऐरोलीतच वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून खाडीत बोटीने नेतात. बोटीची वेळ रोज भरतीप्रमाणे बदलते, त्यामुळे 'सकाळी आठची बोट' असा काही प्रकार नसतो. बोटीला पाणी लागतं आणि पक्ष्यांना चिखल. दोघांचं जमतं तो जेमतेम दीड-दोन तासांचा वेळ, तेवढ्यातच फेऱ्या होतात. शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात, म्हणून सोलापुरातून निघायच्या आधीच नोंदणी करून टाका, आणि जमलं तर मधला वार घ्या. बोटीतून पक्षी खूप जवळ दिसतात हे खरं. पण माझं मत विचाराल तर पहिल्या सकाळी काठावर उभ्या राहा, बोट दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. बोटीत वीस माणसं असतात, त्यातल्या पंधरा जणांना रोहितासोबत फोटो हवा असतो, आणि तुम्हाला ज्या बारीकसारीक पक्ष्यांशी झटापट करायची आहे त्यांच्यापाशी बोट थांबत नाही.

ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला खाडीचा पट्टा २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, सुमारे १,६९० हेक्टर. २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. तेव्हा काठावरचे नियम अभयारण्याचे आहेत हे लक्षात असू द्या. ड्रोन नाही, चिखलात उतरणं नाही.

आता रोहित. तुम्ही ते भिगवणला पाहिले असतील तर एक गोष्ट आधीच सांगतो. उजनीच्या फुगवट्यावर आपण बघतो तो बहुतेक सगळा मोठा रोहित. उंच, चार-साडेचार फुटांचा, अंग जवळजवळ पांढरं, चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. ठाणे खाडीत मोठा रोहित आहे, पण गर्दी असते ती छोट्या रोहिताची. तो तीन फुटांच्या आत-बाहेर, रंगाने गडद आणि चोच लांबून काळीच वाटावी अशी गर्द तांबडी. दोघं शेजारी उभे असले तर उंचीनेच ओळखता येतात. एकटा असेल तर चोच बघा. मळकट करडे दिसतात ती पिल्लं, आजारी पक्षी नव्हेत. गुलाबी रंग खाण्यातून येतो आणि अंगावर चढायला काही वर्षं लागतात.

खाण्यातही फरक आहे. मोठा रोहित चिखलातले किडे, बारीक शिंपले, कोळंबीच्या जातीचे जीव गाळून खातो. छोट्याच्या चोचीतली गाळणी फार बारीक, तो सूक्ष्म शेवाळावर जगतो. डोकं उलटं करून चोच पाण्यात फिरवतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो, हे काम न थांबता. शांत सकाळी थवा जवळ आला की नुसती बुडबुड आणि हलकी कुजबुज ऐकू येते. एवढं शेवाळ खाडीत वाढतं कारण दोन्ही काठांच्या शहरांचं सांडपाणी तिथे येतं. म्हणजे ज्या घाणीला आपण नाक दाबतो तीच एका अर्थी त्यांना इथे टिकवून आहे. याने आनंद मानावा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. शिवडीला हे पक्षी मोठ्या संख्येने दिसायला लागले ते १९९० च्या दशकात. त्याआधीच्या मुंबईकर पक्षीनिरीक्षकांच्या वह्यांत ते असे नसायचे.

जानेवारीत रोहित असतातच, पण खरी दाटी फेब्रुवारी ते एप्रिल. पाऊस जवळ आला की परततात, पुष्कळसे कच्छच्या रणाकडे. तेव्हा जानेवारीत गेलात आणि थवा अपेक्षेपेक्षा लहान दिसला तर हिरमुसू नका. जानेवारीचं खरं धन वेगळं आहे, आणि आता त्याच्याबद्दलच लिहायचं आहे, कारण ते बघायला सोलापूरहून जाण्यात खरा अर्थ आहे. नुसते रोहितच हवे असते तर दीडशे किलोमीटरवर भिगवण होतंच की.

चिखलावरचे पक्षी, ज्यांना सगळे 'वेडर्स' म्हणतात, ते पहिल्यांदा बघताना मातीचे ढेकूळ चालल्यासारखे वाटतात. सगळे करडे-तपकिरी, सगळे खाली मान घातलेले. पुस्तक उघडून एकेक रंग जुळवायला जाल तर तासाभरात डोकं धराल. त्यापेक्षा चोच आणि चाल बघा. चिखलातलं अन्न वेगवेगळ्या खोलीवर असतं आणि ज्याची जेवढी चोच तेवढ्या खोलीचं दुकान त्याचं. टिलव्याची चोच इवलीशी, तो वरच्या थरातलं टिपतो, शिवणयंत्राच्या सुईसारखा. लाल पायांचा रेडशँक त्याच्याहून थोडा खाली पोचतो. गॉडविटची चोच लांब आणि सरळ, तो ती पार डोळ्यांपर्यंत खुपसतो. आणि कर्ल्यूची चोच भलतीच लांब, खाली वाकलेली, थेट खेकड्याच्या बिळात जाणारी. चिखल्यांचं, म्हणजे प्लोव्हरांचं, मात्र वेगळं. त्यांची चोच आखूड आणि डोळे मोठे; ते खुपसत नाहीत, बघतात. चार पावलं पळायचं, थांबायचं, टिपायचं, पुन्हा पळायचं. एवढ्या एका चालीवरून दोनशे पावलांवरचा चिखल्या बाकीच्यांतून वेगळा काढता येतो. टिलवा, शेकाट्या, तुतवार, ब्लॅक-टेल्ड गॉडविट यांना तुम्ही हिप्परग्याला पाहिलंच असेल. त्यांच्यापासून सुरुवात करा, मग त्यांच्या तुलनेत इतरांचं माप काढा: टिलव्याच्या दीडपट, शेकाट्यापेक्षा बुटका, असं.

ऐरोलीच्या काठावर एका जानेवारीत बघितलेलं सांगतो. चिखलात तिवराची श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली, त्यांच्यामधून फिडलर खेकड्यांचे नर आपली एकुलती मोठी नांगी वरखाली हलवत होते. एक कर्ल्यू त्यांच्यामधून अगदी निर्विकारपणे चालत आला. पाच पावलांच्या परिघातले खेकडे बिळात, तो पुढे गेला की मागचे बाहेर. थोड्या वेळाने तो एका बिळापाशी थांबला, मान तिरकी केली, चोच आत घातली आणि चोचीच्या वळणाबरोबर सगळं डोकं फिरवलं, कुलपात किल्ली फिरवावी तसं. खेकडा बाहेर आला. मग त्याने तो झटकायला सुरुवात केली. एकेक पाय तुटून उडत होता, नांगी उडाली, शेवटी उरलं नुसतं अंग. ते त्याने जवळच्या डबक्यात बुचकळलं, चोचीच्या टोकापासून घशापर्यंत दोन उसळ्यांत पोचवलं आणि पुढच्या बिळाकडे निघाला. सगळं मिळून मिनिटभर. तेवढ्यात मागे एक लहानशी लगबग झाली: तुटलेल्या पायांसाठी एक रेडशँक धावत आला होता. त्या सकाळी मी एकूण किती जाती पाहिल्या ते वहीत आहे, पण आठवत नाही. हा कर्ल्यू आठवतो.

आपल्याकडे न दिसणारे किंवा क्वचित दिसणारे आणखी काही: व्हिम्ब्रेल, म्हणजे कर्ल्यूचा धाकटा भाऊ, डोक्यावर पट्टे; सँड प्लोव्हर, चिखल्यांतलेच, हे शेकड्यांनी; टेरेक सँडपायपर, किंचित वर वळलेल्या चोचीचा, सारखा घाईत; आणि वेस्टर्न रीफ हेरॉन, म्हणजे समुद्रकाठचा बगळा. याचा गडद प्रकार पाटीच्या रंगाचा आणि गळा पांढरा, त्यात चूक होत नाही. पांढरा प्रकार मात्र आपल्या लहान बगळ्याशी हमखास घोटाळतो. मलाही. कांदळवनाच्या कडेला काळ्या टोपीचा खंड्या बघा, जांभळट निळा. तो दिसला की बरोबरचा माणूस वेडर्स विसरतो. कुरव आणि सुरय तर वर असतातच. त्यांना शेव-गाठी फेकून जवळ बोलवणारी मंडळी भेटतील. तुम्ही नका फेकू, दुसरं काय सांगू.

आणि मध्येच कधीतरी सगळा चिखल एकदम उठेल. हजारभर टिलवे आणि चिखल्या एका झटक्यात हवेत, एका बाजूला वळले की तपकिरी, दुसऱ्या बाजूला वळले की पांढरे चमकणार, कुणीतरी पत्ते पिसल्यासारखे. अशा वेळी थव्याकडे बघू नका, थव्याच्या वर बघा. दलदली हारिण, म्हणजे मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी, पंख उंच धरून संथपणे येत असेल, किंवा बहिरी ससाणा. आपल्या नान्नजच्या माळावर हारिण बघायची सवय असेल तर ओळखायला वेळ लागणार नाही.

संख्येबद्दल एक विनंती. वहीत 'हजारो' लिहू नका. आधी दहा पक्षी मोजा, मग तेवढी रुंदी डोळ्यात धरून शंभर कुठवर होतात ते बघा, आणि ती शंभराची पट्टी थव्यावर सरकवत न्या. पहिल्यांदा अंदाज निम्म्याने चुकेल, बहुतेक कमीच येईल. तरी आकडा लिहा. जानेवारीत देशभर पाणपक्ष्यांची गणना होते, हिप्परग्याला एकदा कुणाबरोबर मोजायला बसलात की हात बसतो. नावं मराठीत लिहायची की इंग्रजीत, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सगळेच विचारतात. मी दोन्ही लिहितो. पक्ष्यांना मराठी नावं मिळवून देण्यात आयुष्य घातलेले मारुती चितमपल्ली आपल्याच सोलापूरचे; त्यांच्या आणि सलीम अलींच्या जन्मतारखा धरून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह आपण साजरा करतो. म्हणून शेकाट्याला शेकाट्याच म्हणावं. पण सँड प्लोव्हरला समोरच्याला कळेल तेच नाव सांगावं, उगाच अडून बसू नये.

सामानाचं पटकन उरकतो. ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, दुर्बीण पुरे. खाडीवर अंतर मोठं म्हणून दहापट घ्यायला लोक सांगतात, पण हात हलला की सगळं पाण्यात. कुणाकडे तिपाईवरची स्पॉटिंग स्कोप असेल तर निर्लज्जपणे डोळा लावायची परवानगी मागा, पक्षी बघणारी माणसं सहसा नाही म्हणत नाहीत. टोपी हवी, पूर्ण बाह्यांचे मातकट कपडे हवेत, कारण कांदळवनातले डास सकाळी आठलाही ड्युटीवर असतात. स्वेटर मात्र सोलापूरच्या हिशोबाने नेऊ नका, नऊला घाम फुटेल. जानेवारीत तिथे सकाळी धुरकट असतं, आठ-साडेआठपर्यंत लांबचं काही दिसत नाही. आणि दहानंतर ऊन चढलं की ओल्या चिखलावरून हवा थरथरायला लागते, मग कितीही भारी दुर्बीण असो, पक्षी पाण्यात बुडाल्यासारखे दिसतात. घरी परत आल्यावर दुर्बीण एक दिवस पिशवीबाहेर कोरड्या जागी ठेवा, नाहीतर खारी दमट हवा आत राहून भिंगाला बुरशी धरते. माझी एक जोडी अशीच गेली. खायला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी न्या. दुकानं जवळ नसतात, आणि काठावर तासन्तास उभं राहायला यापेक्षा सोयीचं खाणं अजून कुणी शोधलेलं नाही.

चिखलाबद्दल मात्र गंमत नाही. वरून तो घट्ट दिसतो, साय धरलेल्या दुधासारखा. एक पाऊल टाकलं की गुडघ्यापर्यंत, दुसरं टाकलं की मांडीपर्यंत, आणि ओढून काढताना चप्पल आतच. मागे पाणी चढत असतं हे विसरू नका. फोटोसाठी चार पावलं आत जाणारे दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका. सकाळी एकट्या जाऊ नका. बहिणीला किंवा भाच्याला उठवा, बांधावरचे काही भाग फार निर्मनुष्य असतात. आणि थवा उडवू नका. रोहितांनी माना ताठ करून एकाच दिशेला चालायला सुरुवात केली की समजायचं, आपण जास्त जवळ गेलो. तिथेच थांबा, दोन पावलं मागे या, खाली बसा. पाच मिनिटांत माना पुन्हा पाण्यात जातात.

वासाचं राहिलं. ओहोटीला खाडीच्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो सांडपाण्याचाच असतो असं नाही, हवा न मिळणाऱ्या चिखलात पानं कुजतात त्याचाही असतो. अर्ध्या तासात नाक सरावतं. घरच्यांची नाकं सरावलेली नसतात, म्हणून परतल्यावर बूट बहिणीच्या दाराबाहेरच काढा आणि धुवायला नळाखाली धरण्याआधी वाळू द्या. ओला असताना तो चिखल नुसता पसरतो, वाळला की ब्रशने निघतो.